नाताळ हंगाम आणि मिहानमधील लघुव्यवसाय

नागपूर शहराच्या दक्षिणेस असलेल्या मिहान प्रकल्पक्षेत्रात आणि त्यालगतच्या वस्त्यांत नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ लघुव्यवसायांच्या दृष्टीने नाताळ हंगाम म्हणून ओळखला जातो. बेकरी, खानावळी, डबेवाले, उपाहारगृहांचे कंत्राटदार, प्रवासी वाहनांचे चालक-मालक, भेटवस्तूंचे पुरवठादार, सजावटकार, घरगुती फराळ तयार करणारे बचत गट आणि निवासव्यवस्था पुरवणारे घरमालक हे या हंगामाशी जोडलेले प्रमुख घटक होत.

या हंगामाचे वैशिष्ट्य असे की, त्यात दोन परस्परविरुद्ध प्रवाह एकाच वेळी वाहतात. परदेशी ग्राहकांसाठी काम करणाऱ्या कार्यालयांतील उपस्थिती वर्षअखेरीस घटते व त्यांवर अवलंबून असलेल्या सेवांची मागणी कमी होते. त्याच पंधरवड्यात शहरातील सण, पर्यटन व समारंभ यांमुळे खाद्यपदार्थ, वाहतूक आणि भेटवस्तू यांची मागणी वाढते. शिवाय खर्च नोव्हेंबरमध्ये होतो आणि पैसे बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत हाती येतात. त्यामुळे हंगाम सुरळीत पार पडणे हे विक्रीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, रोकड व मनुष्यबळ यांच्या नियोजनावर अवलंबून असते.

## पार्श्वभूमी

### मिहान

मिहान हे बहुविध वाहतूक साधनांनी जोडलेल्या आंतरराष्ट्रीय मालवाहतूक केंद्राच्या व नागपूर विमानतळाच्या संयुक्त प्रकल्पाचे इंग्रजी आद्याक्षरी नाव आहे. प्रकल्पाची उभारणी २००२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि वर्धा मार्ग यांच्या परिसरात, खापरी, शिवणगाव, चिंचभुवन, दहेगाव, जामठा या गावांलगत हे क्षेत्र पसरले आहे. त्याचा एक भाग विशेष आर्थिक क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे, तर उर्वरित भाग त्या क्षेत्राबाहेर आहे.

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, इन्फोसिस व एचसीएल या माहिती तंत्रज्ञान कंपन्या, औषधनिर्मितीतील ल्युपिन, तसेच विमानांची देखभाल-दुरुस्ती व सुटे भाग यांच्याशी संबंधित उद्योग येथे आहेत. भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या नागपूर येथील संकुलाचे उद्घाटन ८ मे २०२२ रोजी झाले. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या नागपूर येथील रुग्णालयाचे लोकार्पण ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. या संस्था विशेष आर्थिक क्षेत्राचा भाग नाहीत. सीताबर्डी ते खापरी ही मेट्रो रेल्वेची सेवा मार्च २०१९ मध्ये सुरू झाली आणि मिहान परिसर शहराच्या मध्यभागाशी जोडला गेला.

### नागपुरातील नाताळ

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतील ‘नाताल’ या शब्दावरून मराठीत आला. नागपुरात ख्रिस्ती मिशनरी कार्याचा विस्तार एकोणिसाव्या शतकात झाला. स्कॉटिश धर्मोपदेशक स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये येथे आले आणि त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ मध्ये सुरू झाले. सदर भागातील ऑल सेंट्स कॅथेड्रल व सेंट फ्रान्सिस द सेल्स कॅथेड्रल ही शहरातील प्रमुख प्रार्थनास्थळे आहेत. जवळच्या कामठी येथे ब्रिटिश काळापासून लष्करी छावणी असल्याने तेथेही नाताळची जुनी परंपरा आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १०.८ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ०.९६ टक्के होती. नाताळच्या बाजारपेठेतील मागणी मात्र या समाजापुरती मर्यादित नाही. शाळा, कार्यालये, उपाहारगृहे व निवासी संकुले येथे केक, सजावट व भेटवस्तू यांची खरेदी सर्व समाजांतून होते. मराठी ख्रिस्ती कुटुंबांत नाताळच्या निमित्ताने करंज्या, शंकरपाळी, चकल्या असा फराळ करण्याची प्रथा आहे. दिवाळीच्या फराळासाठी जमवलेली भांडी, साचे व माणसे काही आठवड्यांतच पुन्हा उपयोगी पडत असल्याने घरगुती उत्पादकांना यातून दुसरा हंगाम मिळतो.

## डिसेंबरमधील मागणी

### घटणारी मागणी

अमेरिका व युरोपमधील ग्राहक कंपन्या २४ डिसेंबर ते १ जानेवारी या काळात बहुतांश सुट्टीवर असतात. संगणक प्रणालींमध्ये या काळात मोठे बदल न करण्याचा प्रघातही अनेक कंपन्यांत आहे. परिणामी त्यांच्यासाठी काम करणाऱ्या भारतीय कार्यालयांतील कामाचा भार उतरतो आणि कर्मचारी वर्षभरात शिल्लक राहिलेल्या रजा याच वेळी घेतात. उपाहारगृह, डबा, चहा-नाश्ता, कर्मचाऱ्यांची ने-आण आणि भाड्याच्या खोल्यांतील खानावळी यांना त्याची झळ पोहोचते.

रुग्णालय परिसरातील व्यवसायांचे चित्र वेगळे असते. २५ डिसेंबर ही शासकीय सुट्टी असल्याने त्या दिवशी बाह्यरुग्ण विभागातील वर्दळ थांबते. दाखल रुग्णांचे नातेवाईक व तातडीच्या सेवेसाठी येणारे लोक यांची गरज मात्र कायम राहते. त्यामुळे अशा ठिकाणच्या खानावळीला त्या दिवशी कमी प्रमाणात का होईना, पण सेवा सुरू ठेवावी लागते.

### वाढणारी मागणी

शहराच्या बाजूने पाहता याच काळात केक, चॉकलेट, फराळ, मेणबत्त्या, कागदी तारे व रोषणाई यांची विक्री वाढते. शाळांच्या सुट्ट्यांमुळे पेंच व ताडोबा येथील पर्यटनाला गर्दी होते आणि नागपूर विमानतळ हे त्या दोन्ही व्याघ्रप्रकल्पांचे प्रवेशद्वार असल्याने वर्धा मार्गावरील हॉटेले व टॅक्सीचालक यांना काम मिळते. लग्नसराई आणि ३१ डिसेंबरचे समारंभ यांची त्यात भर पडते.

संत्र्यांच्या आंबिया बहराची फळे याच सुमारास बाजारात असतात. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. संत्रा बर्फी, सरबत व मुरंबा हे पदार्थ त्यामुळे स्थानिक भेटपेटीत केकच्या जोडीने स्थान मिळवतात. बाहेरगावच्या पाहुण्यांना व कंपन्यांच्या ग्राहकांना देण्यासाठी त्यांना विशेष मागणी असते.

### विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन

२८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर करारानुसार महाराष्ट्र विधिमंडळाचे वर्षातून एक अधिवेशन नागपुरात घेण्याची प्रथा आहे. हे अधिवेशन बहुधा डिसेंबरमध्ये होते आणि त्या काळात खोल्या, वाहने व आचारी यांची शहरभर टंचाई जाणवते. त्याच्या तारखा मात्र स्थिर नसतात. २०२२ मध्ये अधिवेशन १९ ते ३० डिसेंबर या काळात, म्हणजे नाताळच्या ऐन दिवसांत झाले. २०२३ मध्ये ते ७ ते २० डिसेंबर, २०२४ मध्ये १६ ते २१ डिसेंबर आणि २०२५ मध्ये ८ ते १४ डिसेंबर असे झाले. २०१८ मध्ये तर नागपुरात पावसाळी अधिवेशन भरले होते; २०२० व २०२१ ची हिवाळी अधिवेशने मुंबईत झाली. मागील वर्षाच्या विक्रीवरून यंदाचा अंदाज बांधताना म्हणूनच अधिवेशनाचे व नाताळचे दिवस वेगळे काढून पाहावे लागतात. २०२२ च्या शेवटच्या आठवड्यातील उलाढाल हा पुढील वर्षांसाठी विश्वसनीय आधार ठरत नाही.

## हंगामपूर्व नियोजन

### मागणीचा अंदाज

लघुव्यवसायाचा अंदाज प्रामुख्याने मागील दोन-तीन वर्षांच्या विक्रीच्या नोंदी, निश्चित झालेल्या ऑर्डरी आणि ग्राहक कार्यालयांचे सुट्ट्यांचे वेळापत्रक यांवर आधारलेला असतो. कंपनीला नियमित डबे पुरवणाऱ्या व्यावसायिकासाठी शेवटची माहिती सर्वांत महत्त्वाची असते. कोणत्या दिवशी किती कर्मचारी उपस्थित राहतील, याची आकडेवारी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लेखी मिळाल्यास वाया जाणारे अन्न टाळता येते. करारात किमान थाळ्यांची संख्या ठरलेली नसल्यास उपस्थिती घटल्याचा संपूर्ण तोटा कंत्राटदाराला सोसावा लागतो.

एकाच व्यवसायात दोन्ही प्रवाह साधण्याचा प्रयत्नही केला जातो. कार्यालयीन जेवणासाठी नेमलेला आचारी व वाहन कमी गर्दीच्या आठवड्यात घरगुती समारंभांकडे वळवणे, किंवा कर्मचाऱ्यांची ने-आण करणारी गाडी पर्यटकांसाठी देणे ही त्याची उदाहरणे होत. मात्र अशा बदलासाठी वाहनाचा परवाना, विमा व मूळ करारातील अटी अनुकूल असाव्या लागतात.

### मालसाठा व आवेष्टन

नाताळच्या केकसाठी लागणारा सुकामेवा काही आठवडे आधी रस किंवा मद्य यांत भिजवला जातो. मोठ्या हॉटेलांत हे काम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ‘केक मिक्सिंग’ या समारंभाच्या रूपात होते. लहान बेकरीसाठी त्याचा अर्थ असा की, सुकामेवा, मैदा, लोणी व खोकी यांची खरेदी विक्रीच्या बरीच आधी करावी लागते. टिकाऊ कच्चा माल लवकर आणि नाशवंत माल थोडा-थोडा खरेदी करणे ही प्रचलित पद्धत आहे.

सणाचे चित्र छापलेली खोकी २६ डिसेंबरनंतर निरुपयोगी होतात. साधे खोके आणि त्यावर सणानुसार बदलता येणारा कागदी पट्टा वापरल्यास उरलेला साठा नववर्ष, मकरसंक्रांत व लग्नसराईत वापरता येतो. मिठाईच्या खोक्यांवर गुंडाळायचे प्लास्टिकचे पातळ वेष्टन, प्लास्टिकचे चमचे-काटे आणि सजावटीचे थर्माकोल यांच्या उत्पादन, विक्री व वापरावर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. नाताळच्या पारंपरिक सजावटीत या वस्तूंचा वापर होत असल्याने पर्यायी साहित्याची तरतूद आधी करणे आवश्यक ठरते.

### भेटपेट्यांची कररचना

२२ सप्टेंबर २०२५ पासून केक, पेस्ट्री व बिस्किटे यांवरील वस्तू व सेवा कराचा दर १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. तथापि वेगवेगळ्या वस्तू एका पेटीत घालून एकाच किमतीला विकल्यास त्या विक्रीला ‘मिश्र पुरवठा’ मानले जाते आणि पेटीतील सर्वाधिक दर संपूर्ण किमतीवर लागू होतो. केकच्या पेटीत ४० टक्के दर असलेल्या वातयुक्त शीतपेयाची बाटली ठेवल्यास संपूर्ण पेटीवर तोच दर लागू होऊ शकतो. पेटीतील वस्तूंची निवड ही त्यामुळे केवळ आवडीची बाब राहत नाही. खरेदीदार कंपनीलाही भेट म्हणून वाटलेल्या वस्तूंवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे कंपनी किमतीचा विचार करासह करते.

## विशेष आर्थिक क्षेत्रातील पुरवठा

मिहानमधील ग्राहक विशेष आर्थिक क्षेत्राच्या आत आहे की बाहेर, हा पुरवठादारासाठी पहिला प्रश्न असतो. एकाच रस्त्यालगतच्या दोन ग्राहकांसाठी कागदपत्रे वेगळी असू शकतात. या क्षेत्रातील घटकास केलेला पुरवठा, पुरवठादार नागपुरातलाच असला तरी, करदृष्ट्या आंतरराज्यीय मानला जातो. याचे दोन परिणाम होतात.

पहिला परिणाम संयुक्त करयोजनेतील व्यावसायिकांवर होतो. कमी दराने कर भरण्याच्या या योजनेत असलेल्या विक्रेत्याला आंतरराज्यीय पुरवठा करण्यास मनाई आहे. म्हणून सदरमधील एखादी छोटी बेकरी या योजनेत असेल, तर तिला विशेष आर्थिक क्षेत्रातील कंपनीची केकची ऑर्डर थेट स्वीकारता येत नाही.

दुसरा परिणाम नियमित करदात्यांसाठी आहे. अशा पुरवठ्यावर शून्य दर लागू होतो. त्यासाठी एलयूटी या नावाने परिचित असलेले हमीपत्र आधी सादर करावे लागते, अन्यथा कर भरून नंतर परतावा मागावा लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही सवलत प्राधिकृत कार्यासाठी केलेल्या पुरवठ्यापुरती मर्यादित आहे. कर्मचाऱ्यांना वाटण्याच्या नाताळच्या भेटी प्राधिकृत कार्यात मोडतीलच असे नाही. ऑर्डर घेतानाच ही बाब खरेदीदाराकडून लेखी स्पष्ट करून घेतली नाही, तर कराचा बोजा पुरवठादारावर येऊ शकतो. परताव्यासाठी माल आत गेल्याचा विनिर्दिष्ट अधिकाऱ्याचा शेराही आवश्यक असतो. वाहन, चालक व माल यांचा प्रवेश नोंदवण्यासाठी वेळ लागत असल्याने २४ डिसेंबरच्या दुपारी द्यायचा नाशवंत माल त्याच सकाळी प्रवेशद्वारावर नेणे जोखमीचे असते.

राज्यांतर्गत वाहतुकीत महाराष्ट्रात एक लाख रुपयांपर्यंतच्या मालाला ई-वे बिलाची गरज नाही. आंतरराज्यीय वाहतुकीत ही मर्यादा ५० हजार रुपये आहे.

## खेळते भांडवल व वसुली

हंगामातील सर्वांत मोठी अडचण विक्रीनंतर सुरू होते. कल्पित उदाहरण घ्यायचे झाल्यास, एखाद्या उत्पादकाने १० नोव्हेंबरला कच्चा माल रोखीने घेतला, २० डिसेंबरला भेटपेट्या पोहोचवल्या आणि ४५ दिवसांच्या उधारीवर पैसे मिळायचे ठरले, तर ती मुदत ३ फेब्रुवारीला संपते. म्हणजे त्याची रक्कम ८५ दिवस अडकून पडते. या अवधीत दोन महिन्यांचे पगार, भाडे व वीजबिल त्याला भरावे लागते. मासिक विवरणपत्र भरणाऱ्या करदात्याला डिसेंबरच्या विक्रीवरील वस्तू व सेवा करही, पैसे आलेले नसले तरी, २० जानेवारीपर्यंत भरावा लागतो. विक्रमी विक्री झालेला हंगामही यामुळे व्यवसायाला कर्जात लोटू शकतो.

त्यावर प्रचलित उपाय तीन आहेत. पहिला, ऑर्डर पक्की करताना किमान कच्च्या मालाच्या किमतीइतकी आगाऊ रक्कम घेणे. दुसरा, बँकेकडून रोख कर्जाची मर्यादा ऑक्टोबरमध्येच वाढवून घेणे. डिसेंबरच्या मध्यावर केलेला अर्ज हंगाम संपेपर्यंत मंजूर होईलच असे नसते. तिसरा, कायद्याने दिलेल्या मुदतीचा आधार घेणे.

सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म व लघू उद्योगांना खरेदीदाराने करारात ठरलेल्या मुदतीत पैसे देणे बंधनकारक आहे आणि ही मुदत ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. करार नसल्यास मुदत १५ दिवसांची असते. ती माल स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजली जाते. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत न घेतल्यास पोहोचेचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस ठरतो. म्हणून सही, शिक्का व तारीख असलेली पोहोचपावती हा वसुलीतील सर्वांत महत्त्वाचा कागद होय. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ पद्धतीने व्याज देय होते आणि तक्रार सूक्ष्म व लघू उद्योग सुविधा परिषदेकडे करता येते. २०२३–२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही अशी तरतूद आहे की, मुदत उलटल्यानंतर दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षातच मिळते. डिसेंबरमधील पुरवठ्याची थकबाकी ३१ मार्चपूर्वी चुकती करण्यास कंपन्यांच्या लेखाविभागांना हे एक कारण मिळते.

या संरक्षणासाठी उद्यम नोंदणी पुरवठ्यापूर्वीच केलेली असणे हिताचे असते. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल व अडीच कोटी रुपयांपर्यंत यंत्रसामग्रीतील गुंतवणूक असलेला उद्योग सूक्ष्म मानला जातो. स्वतः केक वा फराळ तयार करणारा उत्पादक आणि सेवा देणारा कंत्राटदार यांना हे संरक्षण मिळते. तयार वस्तू विकत घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र उद्यम नोंदणी करूनही तिचा लाभ प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरताच असतो. अशा व्यापाऱ्यासाठी आगाऊ रक्कम हाच प्रमुख आधार उरतो.

## मनुष्यबळ

दुकाने व आस्थापनांविषयीच्या महाराष्ट्रातील २०१७ च्या कायद्याने दुकाने वर्षाचे सर्व दिवस उघडी ठेवण्यास मुभा दिली. परंतु प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी देणे आवश्यक ठरवले. मूळ कायद्यात दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तास ही कामाची मर्यादा असून जादा कामासाठी दुप्पट दराने वेतनाची तरतूद आहे. पुढे या क्षेत्रातील कायद्यांत बदल झाले असल्याने प्रत्येक हंगामापूर्वी लागू तरतुदी तपासल्या जातात.

याच कायद्यानुसार वर्षातून आठ सणांच्या भरपगारी सुट्ट्या द्याव्या लागतात. त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या चार निश्चित आहेत. उर्वरित चार मालक व कामगार यांच्या संमतीने ठरतात. नाताळ या दुसऱ्या गटात येतो. ख्रिस्ती कामगारांसाठी तो वर्षातील सर्वांत मोठा सण असतो आणि नेमका तोच दिवस बेकरीसाठी सर्वाधिक कामाचा असतो. हा पेच अनेक ठिकाणी आपसांतील अदलाबदलीने सोडवला जातो: दिवाळीत ज्यांनी इतरांचे काम सांभाळले, त्यांचे काम २४ व २५ डिसेंबरला इतर सहकारी सांभाळतात. पाळ्यांचा तक्ता दिवाळीपूर्वीच लावल्यास ही देवाणघेवाण न्याय्य राहते.

रात्रपाळीत महिलांना काम द्यायचे असल्यास त्यांची संमती, सुरक्षितता आणि घरापर्यंतच्या वाहतुकीची सोय आवश्यक असते. हंगामी कामगारांना रोजंदारीवर घेताना कामाचे दिवस, दर व पैसे देण्याची तारीख आधी ठरवणे हे दोन्ही बाजूंच्या हिताचे असते. केक भाजणे किंवा फराळ तळणे यांसारखी कौशल्याची कामे जुन्या माणसांकडे आणि खोकी भरणे, पत्ते लावणे अशी कामे नव्या माणसांकडे देण्याची पद्धत रूढ आहे.

## खाद्यपदार्थांचे नियम

अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार घरगुती स्तरावर खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही नोंदणी आवश्यक आहे. वेष्टनबंद पदार्थावर घटक, निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख, वापराची मुदत, कमाल किरकोळ किंमत व नोंदणी क्रमांक यांचा उल्लेख करावा लागतो. सुट्या मिठाईसाठीही १ ऑक्टोबर २०२० पासून वापराची मुदत दर्शवणे बंधनकारक करण्यात आले.

अंडे घातलेल्या केकवर तपकिरी रंगाचे मांसाहारी चिन्ह असावे लागते. नागपुरात बिनअंड्याच्या केकला मोठी मागणी असल्याने दोन्ही प्रकारांसाठी भांडी, साचे, साठवणुकीची जागा व खोक्यांवरील खुणा वेगळ्या ठेवल्या जातात. गर्दीच्या वेळी झालेली एक अदलाबदल ग्राहकाच्या श्रद्धेला धक्का देते आणि व्यवसायाचे नाव दीर्घकाळ खराब करते. सुकामेवा, दूध व गहू यांची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी घटकांची यादी महत्त्वाची असते.

## वाहतूक, हवामान व बँकव्यवहार

डिसेंबरअखेर उत्तर भारतातील धुक्यामुळे विमाने व रेल्वेगाड्या उशिरा धावतात. दिल्लीकडून येणारा माल वा पाहुणे यांच्यावर अवलंबून असलेल्या व्यवसायांना त्यासाठी एक-दोन दिवसांची सवड ठेवावी लागते. नागपुरातही थंडी कडक असते. २९ डिसेंबर २०१८ रोजी शहरात ३.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. थंडीत पाव व यीस्टचे पदार्थ फुगायला अधिक वेळ लागत असल्याने बेकरीतील कामाची सुरुवात लवकर करावी लागते. जामठा येथील क्रिकेट मैदानावर सामना असल्यास वर्धा मार्गावर वाहतुकीची कोंडी होते.

२५ डिसेंबरला बँका बंद असतात. २०२६ मध्ये हा दिवस शुक्रवारी येतो आणि २६ डिसेंबर हा चौथा शनिवार असल्याने रविवारसह सलग तीन दिवस बँका बंद राहतात. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस सेवा चोवीस तास उपलब्ध आहे. परंतु धनादेश वटणे व रोकड भरणे ही कामे थांबतात. सुट्ट्या नोटा व नाण्यांची सोय त्यामुळे २४ तारखेपूर्वी केली जाते.

गर्दीच्या वेळी फसवणुकीचे प्रकारही वाढतात. मोबाइलवर दाखवलेले पैसे भरल्याचे चित्र खरे असेलच असे नाही. स्वतःच्या खात्यात रक्कम जमा झाल्याचा संदेश पाहूनच माल दिला जातो. लष्करी अधिकारी असल्याचे भासवून मोठी ऑर्डर देणे आणि ‘पैसे पाठवण्यासाठी’ विक्रेत्याला क्यूआर कोड स्कॅन करायला सांगणे हा फसवणुकीचा परिचित प्रकार आहे. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी गुप्त पिन टाकावा लागत नाही.

## हंगामाचे वेळापत्रक

मिहान परिसरातील लहान उत्पादक वा पुरवठादार यांच्यासाठी सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो:

* ऑक्टोबर – मागील नोंदींचा आढावा, कर्जमर्यादेचा अर्ज, पाळ्यांचा तक्ता, सुकामेव्याची खरेदी.
* नोव्हेंबर – कंपन्यांना नमुने व दरपत्रक देणे, करविषयक अटी निश्चित करणे, आगाऊ रक्कम घेणे, खोकी व वेष्टने मागवणे.
* डिसेंबरचा पहिला पंधरवडा – कार्यालयांकडून उपस्थितीचे आकडे घेणे, प्रवेशाची कागदपत्रे पूर्ण करणे. ७ तारखेला उद्गम कराचा भरणा, १५ तारखेला भविष्यनिर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा व लागू असल्यास आगाऊ आयकराचा तिसरा हप्ता.
* १६ ते २३ डिसेंबर – कार्यालयीन ऑर्डरी पोहोचवणे, पोहोचपावत्या गोळा करणे. २० तारखेला मासिक करविवरणपत्र.
* २४ ते ३१ डिसेंबर – किरकोळ विक्री, कमी क्षमतेने कार्यालयीन सेवा. वार्षिक वस्तू व सेवा कर विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर.
* जानेवारी – देयकांचा पाठपुरावा, उरलेल्या साठ्याची मोजणी, मकरसंक्रांतीची तयारी.

## हंगामानंतर

२६ डिसेंबरनंतर केक व सजावट यांची मागणी झपाट्याने उतरते. नववर्षाच्या रात्रीपर्यंत काही प्रमाणात ती टिकते आणि त्यानंतर १४ जानेवारीच्या सुमारास येणाऱ्या मकरसंक्रांतीच्या तिळगुळाकडे बाजार वळतो. शिल्लक राहिलेला टिकाऊ माल त्यात वापरला जातो. नाशवंत माल सवलतीने विकणे किंवा मुदत संपण्यापूर्वी गरजूंना देणे असे पर्याय असतात.

जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात केलेली नोंद पुढील वर्षासाठी उपयुक्त ठरते. कोणत्या दिवशी काय संपले, काय उरले, कोणत्या ग्राहकाने किती दिवसांनी पैसे दिले आणि अधिवेशन किंवा सामन्याचा परिणाम किती होता, या चार बाबी तिच्यात असल्यास पुढील ऑक्टोबरमधील अंदाज आठवणीवर अवलंबून राहत नाही. विशेषतः पैसे उशिरा देणारा मोठा ग्राहक आणि वेळेवर देणारे अनेक लहान ग्राहक यांतील फरक विक्रीच्या आकड्यांत दिसत नाही. तो केवळ वसुलीच्या तारखांतून कळतो.

## हेही पाहा

* मिहान
* नागपूर करार
* विशेष आर्थिक क्षेत्र
* नागपुरी संत्री
* नाताळ